दोघांचा एक दिवस : भंडाऱ्याच्या अरण्यांतून आणि तळ्यांच्या कांठानें

आपल्या एकत्र कुटुंबांतून प्रवासाचे प्रसंग कांहीं कमी येत नाहींत. लग्नमुंजी असतात, कुलदैवताची यात्रा असते, मुलींचीं बाळंतपणें असतात. योग आला तर काशी-प्रयागही घडतें. परंतु या साऱ्या प्रवासांत पतिपत्नी दोघेंच, केवळ मोकळी हवा घेण्यासाठीं आणि सृष्टि पाहण्यासाठीं, कधीं घराबाहेर पडलीं आहेत काय, असें कोणीं विचारलें तर बहुतेक घरांतून नकारार्थीच उत्तर येईल. तरुण जोडपें निघालें तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते; वृद्ध जोडपें निघालें तर तरुणांना हसूं येतें; आणि मधल्या वयाच्या मंडळींना सवडच नसते. अशा रीतीनें चाळीस चाळीस वर्षें एका छपराखालीं काढून, घरखर्च, दुखणीं आणि पाहुणेरावळे यांपलीकडे एकमेकांशीं दोन शब्द न बोललेलीं जोडपीं आपल्या समाजांत जागोजाग आढळतात. त्यांना कोणी दुःखी म्हणणार नाहीं, आणि तीं स्वतःही तसें म्हणणार नाहींत. पण कांहीं तरी राहून गेलें, ही रुखरुख पुष्कळांच्या मनांत असते.

दुसरी एक समजूत अशी कीं, सृष्टिसौंदर्य म्हणजे कोंकण, महाबळेश्वर, नाहीं तर काश्मीर. आमचा भंडारा जिल्हा बाहेरच्यांना ठाऊक असतो तो पितळेच्या भांड्यांसाठीं आणि तांदुळासाठीं. येथून समुद्र शेंकडों मैल दूर आहे, ही गोष्ट खरी. पण ज्या जिल्ह्यास 'तलावांचा जिल्हा' असेंच म्हणतात, ज्याच्या अंगांतून वैनगंगेसारखी नदी वाहते आणि ज्याच्या पूर्वेस वाघांचें अरण्य आहे, तेथील माणसानें रान व किनारा पाहण्यासाठीं दूरच्या गाडीचें तिकीट काढावें, हें नवल नव्हे काय? गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं दोघांनीं आमच्या लहानशा मोटारींतून एका दिवसांत जो फेरा घातला, त्याची हकीकत वाचकांस उपयोगी पडेल अशा आशेनें येथें देत आहें.

निघण्याची तयारी

आमच्या घरीं लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत. बेत निघाला तेव्हां पहिली हरकत ज्यांच्यासाठीं तो निघाला त्यांचीच आली. "देवाचें कोण करील? दूध कोण तापवील? मुलांचे डबे कोण भरील?" अशी प्रश्नांची माळच सौभाग्यवतींनीं लावली. धाकट्या सूनबाई हंसून म्हणाल्या, "आई, एक दिवस दूध उतूं गेलें तर जाऊं द्या!" या एका वाक्यानें जें काम केलें तें माझ्या तासाभराच्या विवेचनानें झालें नव्हतें. नातवानें बरोबर येण्याचा हट्ट धरला. त्यासही सूनबाईंनींच आवरलें. वडील माणसांना घराबाहेर पडतां यावें यासाठीं घरांतील धाकट्यांचें मन मोठें असावें लागतें, हें त्या दिवशीं मला कळून आलें.

दशम्या, तिळाची चटणी, दहीभात आणि पाण्याचे दोन तांबे एवढी शिदोरी घेऊन पहांटे साडेचार वाजतां आम्ही निघालों. मोटार मी स्वतःच हांकतों. दार उघडल्यावर सौ. संवयीनें मागच्या आसनाकडे वळल्या. मोटार घरीं आल्याला बारा वर्षें झालीं. पण पुढें पुरुष आणि मागें मांडीवर मूल व पायाशीं पिशव्या घेऊन बायका, अशी आमच्याकडील बसण्याची रीत. त्या दिवशीं त्या प्रथमच पुढें बसल्या. कारध्याच्या पुलावर वैनगंगा ओलांडतांना त्या म्हणाल्या, "पुढून रस्ता किती रुंद दिसतो हो!" मला त्यावर उत्तर सुचलें नाहीं.

नागझिऱ्याचें अरण्य

भंडाऱ्याहून पूर्वेस जाणारा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३, पूर्वीचा ६. लाखनी व साकोली हीं गांवें मागें टाकून आंत वळलें कीं पिटेझरीचें वनद्वार लागतें. नागझिरा हें नांव नाग आणि झिरा या दोन शब्दांचें आहे. नागाचें ठाणें, आणि टेकडींतून बारमास झिरपणारें पाणी. १९७० सालीं या वनास अभयारण्याचा दर्जा मिळाला. पुढें २०१३ च्या अखेरीस नागझिरा, नवेगांव, कोका वगैरे रानें एकत्र करून नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प निर्माण झाला. त्याचा गाभा साडेसहाशें चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. व्यंकटेश माडगूळकरांनीं या रानांत मुक्काम करून 'नागझिरा' याच नांवाचें पुस्तक लिहिलें, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेलच.

हें रान मलबाराकडील सदाहरित वनासारखें नाहीं. येथें वर्षाला पन्नास इंचांच्या वर पाऊस पडतो खरा, पण तो सारा चार महिन्यांत. म्हणून येथील झाडें उन्हाळ्यांत पानें टाकून तग धरतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हां हिरवीं होतात. मार्गशीर्षांत यांपैकीं कोणतीच टोंकाची अवस्था नसते. सागाचीं पानें पिवळसर होऊं लागलेलीं, बांबूचीं बेटें अजून हिरवीं, गवत कमरेएवढें व दंवानें भिजलेलें, आणि ऐनाच्या खोडावर सुसरीच्या पाठीसारखीं खवलें. सूर्य वर येऊं लागला तसा झाडांमधून उजेडाचा एकेक पट्टा खालीं उतरूं लागला. बरोबर घेतलेला वाटाड्या जवळच्याच खेड्यांतला तरुण होता. तो बोलण्यापेक्षां ऐकण्याचें काम अधिक करी, आणि वनांत तोच गुण मोठा.

मीं आयुष्यभर मुलांकडून अमरकोशांतील वनौषधिवर्ग पाठ करून घेतला. मधूक, किंशुक, तिंदुक, असन हीं नांवें माझ्या जिभेवर आहेत. परंतु मधूक म्हणजे मोह, किंशुक म्हणजे पळस, तिंदुक म्हणजे तेंदू आणि असन म्हणजे बीजा, हें झाडाकडे बोट करून सांगण्याचें काम त्या दिवशीं सौ. नींच केलें. त्यांचें बाळपण याच बाजूच्या एका खेड्यांत गेलेलें. मोहाचीं फुलें वेंचण्यास बायका पहांटे किती वाजतां निघत, पळसाच्या पानांच्या पत्रावळी कोण लावी, चारोळीचें फळ कोवळें असतां कसें लागतें, हें सारें त्यांना ठाऊक. इतकीं वर्षें हें ज्ञान आमच्या स्वयंपाकघरांत बसून होतें आणि मला त्याचा पत्ताही नव्हता!

वाघ आम्हांला दिसला नाहीं. चितळांचा कळप दिसला, एक नीलगाय दिसली, आणि एका वळणावर रानगव्यांचें कुटुंब उभें होतें. मध्यें वासरूं, भोंवतीं गाई, आणि जरा अंतरावर काळाकभिन्न, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा वळू. त्याच्याकडे पाहून सौ. हळूच म्हणाल्या, "घरचा कर्ता दिसतो." वाघ दिसला नाहीं म्हणून हिरमुसणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, वाघाला आपण दिसलेलों असतों.

या वनाचें खरें दुखणें वनाच्या आंत नाहीं, बाहेर आहे. नागझिरा व नवेगांव या दोन रानांना जोडणारा जो झाडीचा पट्टा, त्यालाच महामार्ग छेदून जातो. जनावराला आपली हद्द ठाऊक नसते. तें पाण्यासाठीं व जोडीदारासाठीं इकडून तिकडे जाणारच. रात्रीं भरधांव वाहनांखालीं हीं मुकीं जनावरें सांपडतात. वाचकांपैकीं जे कोणी रात्रीं या मार्गानें जात असतील त्यांनीं साकोलीपासून पुढें आपला वेग आवरावा. दहा मिनिटें उशीर झाल्यानें आपलें कांहींच बिघडत नाहीं. तेथें मात्र एक जीव वांचतो.

माहेरचा तलाव

दहाच्या पुढें ऊन चढलें, तेव्हां आम्ही रानांतून बाहेर पडून साकोलीवरून लाखांदुराच्या रस्त्याला लागलों. या बाजूस मैल-दोन मैलांवर पाणी लागतें. लहान असेल तर त्याला बोडी म्हणतात, मोठें असेल तर तलाव. हीं तळीं निसर्गानें दिलेलीं नाहींत, माणसांनीं बांधलेलीं आहेत. गोंड राजांच्या अमलांत, जो तलाव बांधील त्याला जमीन, अशी चाल होती असें परंपरा सांगते. आणि या कामांत कोहळी समाजाचें कौशल्य असें कीं, उतार कोठें आहे, पाळ कोठें घालावी व जादा पाणी कोणत्या बाजूनें सोडावें, हें ते नुसत्या नजरेनें ठरवीत. शेजारच्या नवेगांवचा बांध अठराव्या शतकाच्या प्रारंभीं कोलू पाटील कोहळी यानें घातला. सात टेंकड्यांच्या मधला तो जलाशय सुमारें अकरा चौरस किलोमीटर पसरला आहे. त्या टेंकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात आणि बांध घालणाराला कोलासुर देव म्हणून पुजतात. पाणी देणाराला देव करणें, यांत आमच्या लोकांची समज दिसून येते. हें नवेगांव १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हां आमच्या जिल्ह्यांतून गेलें. पण पाण्याला जिल्हा कसला?

मालगुजारांच्या काळीं हे तलाव मालगुजारांच्या देखरेखीखालीं असत. १९५१ सालीं ती पद्धत संपली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी तलाव' या लांबलचक नांवाचें लोकांनीं 'मामा तलाव' असें गोड रूप केलें. पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. पण मामा असून भाच्यांची दृष्टि तिकडे राहिली नाहीं. गाळ सांठला, पाळी खचल्या, कांठावर अतिक्रमणें झालीं, आणि बेशरम नांवाच्या परक्या झुडपानें पाण्याला वेढा घातला.

सौ. चें माहेर अशाच एका तलावाच्या पाळीवर. आतां तेथें त्यांचें कोणी राहत नाहीं. भाऊ नागपुरास स्थायिक झाले आणि घर विकलें गेलें. आईच्या दिवसकार्यानंतर त्या या गांवीं आल्या नव्हत्या, त्याला एकोणीस वर्षें झालीं. मला वाटलें, घर पाहून त्यांना वाईट वाटेल. परंतु घराकडे त्यांनीं एकदांच पाहिलें व त्या सरळ पाळीवर गेल्या. पिंपळ होता. दगडी पायऱ्यांपैकीं वरच्या चार होत्या. खालच्या गाळांत गेल्या होत्या. जेथें लहानपणीं त्या कमळें व शिंगाडे काढीत, तेथें बेशरमाचें रान माजलें होतें आणि पाणी दूर मध्यभागीं सरकलें होतें.

एक वृद्ध धीवर बाई कांठावर जाळें दुरुस्त करीत बसली होती. सौ. नीं तिला वडिलांचें नांव सांगितलें, तशी ती उठली आणि तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "मास्तरांची लेक ना तूं?" मग दोघींचें बोलणें सुरू झालें. पूर्वी कोणते मासे मिळत, आतां कोणते मिळत नाहींत. पाण्यांत वनस्पति नाहीं तर माशाला अंडीं घालावयास जागा नाहीं, आणि बेशरमाला ना मासा शिवतो ना गुरूं. जें मीं पुस्तकांत वाचलें असतें तें ती बाई आपल्या पोटाच्या अनुभवानें सांगत होती.

येथें एक आशेची गोष्ट सांगितली पाहिजे. भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ या संस्थेनें धीवर समाजाच्या स्त्रीपुरुषांना हाताशीं धरून अर्जुनी-मोरगांव भागांतील कित्येक तलावांतून बेशरम उपटून काढलें आणि त्या जागीं पूर्वीच्या देशी पाणवनस्पति पुन्हां लाविल्या. कोणती वनस्पति कोणत्या खोलीवर लावावी हें ठरविण्यास त्या लोकांचें परंपरागत ज्ञानच उपयोगी पडलें. मासे परत आले, पक्षी परत आले. म्हणजे हें दुखणें असाध्य नाहीं. त्याला हात लागले पाहिजेत. पिंपळाखालीं दशम्या सोडतांना हें मीं सौ. ना सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "घर गेलें त्याचें कांहीं नाहीं हो, घरें जातातच. पण तळें जाऊं नये. तळें कांहीं एकट्याचें नसतें."

सारसाची जोडी

याच पाळीवरून लहानपणीं सौ. नीं धानाच्या बांधींत सारसाची जोडी पाहिलेली. माणसाएवढा उंच, राखी अंगाचा, तांबड्या मस्तकाचा हा पक्षी आयुष्यभर एकाच जोडीदाराबरोबर राहतो अशी त्याची ख्याति. वाल्मीकींच्या शोकास कारण झालेला क्रौंच म्हणजे हाच सारस, असें कित्येक विद्वानांचें मत आहे. महाराष्ट्रांत आतां सारस उरला तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूस. त्याची एकूण संख्या पन्नासांहूनही कमी, आणि भंडारा जिल्ह्यांत तर बोटांवर मोजण्याइतकी. त्याच्या रक्षणाचा प्रश्न २०२१ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन हातीं घेतला. सारसाला घरट्यासाठीं उथळ पाणी, पाणवनस्पति आणि धानाची शेती लागते. तळें आटलें कीं सारस गेला. आदिकाव्य ज्याच्या दुःखांतून निर्माण झालें तो पक्षी आपल्या अंगणांतून नाहींसा व्हावा, आणि आपण रामायणाचीं पारायणें करीत राहावें, हें विसंगत आहे.

आम्हांला त्या दिवशीं सारस दिसला नाहीं. बगळे, पाणकावळे, आणि थंडीसाठीं उत्तरेकडून आलेलीं बदकें मात्र पुष्कळ दिसलीं.

पवनी आणि गोसीखुर्दचें पाणी

चुलबंद नदी, लाखांदूर असें करीत दुपारीं उशिरा पवनीस पोंचलों. तीन बाजूंस जुना तट आणि चौथीस वैनगंगा, असें हें प्राचीन नगर. १९६९-७० च्या सुमारास डॉ. शां. भा. देव आणि जगत्पति जोशी यांनीं येथें उत्खनन केलें, आणि ख्रिस्तपूर्व काळांतील बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडांत आले. त्यांत मुचलिंद नागाचें शिल्प सांपडलें. पावसांत बुद्धावर फणा धरणारा तो हा नाग. सकाळीं नागझिरा आणि दुपारीं मुचलिंद. या भूमींत नागाची परंपरा किती खोल गेली आहे तें यावरून दिसावें.

पवनीलगतचें रान २०१२ सालीं जाहीर झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत मोडतें. 'जय' या नांवानें प्रसिद्ध झालेला वाघ मूळचा नागझिऱ्याचा. २०१३ च्या सुमारास तो तेथून निघाला आणि गांवें, शेतें व नदी ओलांडून या रानांत येऊन राहिला. म्हणजे आम्हीं मोटारींत बसून जो प्रदेश पार केला तोच त्यानें पायीं पार केला होता. एप्रिल २०१६ नंतर तो कोणास दिसला नाहीं. पुष्कळ शोध झाला, पण पत्ता लागला नाहीं. सौ. नीं ही हकीकत ऐकून विचारलें, "त्याची वाट पाहणारें कोणी होतें का हो मागें?" असा प्रश्न मोजणी करणाऱ्यांना सुचत नाहीं.

सूर्यास्ताच्या आधीं अर्धा तास आम्ही गोसीखुर्दच्या जलाशयाच्या कांठीं आलों. या धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांनीं बसविली. अकरा किलोमीटरांहून लांब भिंत, तेहतीस दरवाजे, आणि अडीच लाख हेक्टरांच्या सिंचनाची योजना. त्याचें मागें पसरलेलें पाणी भंडाऱ्यापर्यंत येतें. पलीकडचा तीर दिसेनासा झाला होता, वारा सुटला होता आणि लहान लहान लाटा वाळूवर येऊन फुटत होत्या. समुद्र न पाहिलेल्या माणसाला हाच समुद्र वाटावा. पण या किनाऱ्यांत एक गोष्ट समुद्रकिनाऱ्यासारखी नाहीं. पाण्यांतून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले दिसतात. तेथें कोणाचीं तरी शेतें होतीं, देवळें होतीं, अंगणें होतीं. पुष्कळ गांवें या पाण्यासाठीं उठून दुसरीकडे गेलीं. एका शेतांत पाणी पोंचतें तेव्हां दुसऱ्याच्या शेतावर तें उभें राहतें, हा हिशेब किनाऱ्यावर उभें राहिल्यावांचून कळत नाहीं.

सौ. नीं पाण्यांत पाय बुडविले. मी कांठावर बसलों. सूर्य पाण्यांत उतरेपर्यंत आम्ही बोलत होतों. काय बोललों तें येथें सांगण्याचें कारण नाहीं. पण त्यांत घरखर्च नव्हता, हें मात्र खरें.

जाऊं इच्छिणारांसाठीं

असा फेरा सुमारें सव्वाशें मैलांचा होतो. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. पावसाळ्यांत अभयारण्याचीं दारें बंद असतात, आणि इतर ऋतूंतही आठवड्याच्या सुटीची चौकशी करून, आगाऊ नोंदणी करूनच निघावें. वाटाड्या घ्यावाच लागतो, त्याचें ऐकावें. गरम कपडे सकाळसाठीं अवश्य घ्यावे. रानांत व तळ्याकांठीं कागद-पिशवी टाकूं नये. आणखी सवड असेल त्यांनीं वैनगंगेच्या संगमावरील आंभोरा पाहावें. मुकुंदराजांच्या 'विवेकसिंधू'ची रचना तेथें झाली असें विदर्भांतील अनेक अभ्यासक मानतात. दुसरे आंबेजोगाईचा पक्ष घेतात. वाद पंडितांना ठेवून संगम पाहण्यास हरकत नाहीं.

शेवटीं घरांतील कर्त्या मंडळींस एक विनंती. आपल्या घरीं वर्षाचीं व्रतें ठरलेलीं असतात. त्यांत आणखी एकाची भर घालावी : वर्षांतून एक दिवस घरांतील प्रत्येक जोडप्यानें, मग तें वडील असो वा धाकटें, दोघांनींच बाहेर जावें, आणि त्या दिवसाचा स्वयंपाक व मुलें इतरांनीं सांभाळावीं. एकत्र कुटुंब मोडतें तें माणसें चार घटका बाहेर गेल्यानें नव्हे; आंत राहून एकमेकांना परकीं झाल्यानें मोडतें. तळ्याची पाळ वर्षाला एकदां डागडुजी मागते. ती केली तर पाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकतें, हें कोहळ्यांनीं आपल्याला दाखवून दिलेंच आहे.